वीस सेकंद

सकाळी ५.४५

साताऱ्याहून लिंब पंधरा-सोळा किलोमीटर. हायवे सोडून फाट्याला आत वळलं की उसाची शेतं लागतात आणि गाडीवर एकदम गार वाटायला लागतं. तीन वर्षं या रस्त्यानं माझ्या फेऱ्या झाल्या. कधी आवाज टिपायचं यंत्र घेऊन, कधी मोजपट्टी घेऊन, कधी नुसतीच. गेल्या जूनमध्ये आमचा 'थारोळं' हा गेम बाजारात आला. त्यानंतर आज पहिल्यांदाच इकडे येतेय.

बारा मोटेची विहीर अजून अंधारात होती. विरूबाई भोसल्यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. नाव बारा मोटांचं असलं तरी काठावर मोटा चालवायच्या जागा पंधरा आहेत. वरून पाहिलं तर आकार शंकराच्या पिंडीसारखा. पायऱ्या उतरून कमानीखाली गेलं की पायाखालचा दगड ओलसर लागतो आणि आपलाच श्वास मोठा ऐकू येतो.

मी पहिल्या टप्प्यावर बसून राहिले. सहा वाजले, सव्वासहा झाले, वर आभाळ उजळलं, पण तळ काळाच. पाणी दिसत नाही, कबुतर फडफडलं की त्याचा आवाज खालून परत येतो त्यावरून ते किती खोल आहे ते कळतं. आणि माझ्या गेममध्ये? पहिल्याच लेव्हलला सकाळचं सोनेरी ऊन थेट तळापर्यंत सोडलंय. पाणी निळं, दगड मधासारखे. ते चित्र पाहून लोकांनी गेम विकत घेतला, हे मला माहीत आहे, कारण तेच चित्र आम्ही सगळीकडे लावलं होतं.

वहीत पहिली ओळ लिहिली: ऊन खोटं आहे.

८.१५

घरी चहा. बाबांनी विचारलं, "आज सुट्टी का?" म्हटलं, "नाही, आज परीक्षा. माझा पेपर मीच तपासणार." ते म्हणाले, "मग कडक तपास." आणि पेपर उघडून बसले.

९.३०

आमच्या धंद्यात गेम हातावेगळा झाला की त्याचं पोस्टमॉर्टेम लिहायची रीत आहे. 'गेम डेव्हलपर' नावाचं अमेरिकन मासिक १९९४पासून २०१३पर्यंत निघत होतं, त्यातलं हे गाजलेलं सदर. काय जमलं, काय फसलं, गेम करणाऱ्यानंच लिहायचं. मी त्यातले जमतील तेवढे लेख वाचून काढले आहेत. 'काय फसलं'मध्ये बहुतेक जण वेळापत्रकाबद्दल, पैशाबद्दल, एखाद्या अडलेल्या तंत्राबद्दल लिहितात. ते सगळं खरं असतं आणि उपयोगाचंही असतं. पण आपल्या गेमनं खेळणाऱ्याला सांगितलं काय, तेच चुकलं का, हे विचारणारे थोडे. व्हिएतनामच्या डाँग न्गुयेननं २०१४ साली 'फ्लॅपी बर्ड' ऐन भरात असताना दुकानातून काढून घेतला, कारण लोकांना त्याचं व्यसन लागतंय हे त्याला बघवेना. तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला ते वेडेपण वाटलं होतं. आज तसं वाटत नाही.

आधी जमलेलं लिहिलं. मोट दोन दोरांवर चालते. जाड नाडा अख्खी मोट ओढून वर आणतो. बारीक सोंदूर तिची सोंड वर धरून ठेवतो, म्हणजे वाटेत पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात पडते आणि मोट आपोआप रिकामी होते. दोन दोरांच्या लांबीतल्या फरकावर ही सगळी करामत. गेममध्ये नाड्याला एक बटण आहे, सोंदुराला दुसरं. पहिल्यांदा सोंदूर चुकतो, पाणी परत विहिरीत पडतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोटांना अंदाज येतो आणि खेळणारा मान हलवतो. ही मान हललेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. हे जमलं, छातीठोकपणे सांगते.

नावाबद्दलही मला पस्तावा नाही. थारोळं हा शब्द आता फक्त रक्तासोबत छापून येतो. नाव बदला, अपघाताची बातमी वाटते, असं दोघा-तिघांनी सांगितलं. पण मोटेचं पाणी ज्या दगडी कुंडीत पडून पाटाला लागतं तिचं हे नाव. शब्दाला त्याचं पाणी परत मिळावं, एवढा हट्ट मी धरला आणि तो मला आजही बरोबर वाटतो.

आणि अक्षरं. गोडो इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीची जुळणीच होत नव्हती. 'विहीर' लिहिलं की व आधी, मग पहिली वेलांटी त्याच्या मागे, आणि जिथे अक्षर नाही तिथे ठिपक्यांचं वर्तुळ. जोडाक्षरांचे पाय मोडून पडलेले. दीड वर्ष आम्ही प्रत्येक वाक्याचं चित्र करून ते चिकटवत होतो. एक अनुस्वार बदलायचा तर नवं चित्र. २०२३च्या मार्चमध्ये चौथी आवृत्ती आली आणि त्या रात्री पडद्यावर 'विहीर' हा शब्द सरळ, धड उमटला. आम्ही दोघं काही न बोलता बघत बसलो होतो. ती दीड वर्षं फुकट गेली असं कुणी म्हटलं तर मला राग येईल. मराठी धड दिसत नसेल तर इंग्रजीत गेम काढू, हा विचार आम्ही केला नाही.

११.१०

आता बैल.

बैलांच्या डोक्यावर मी हिरवी पट्टी लावलीय. मोट ओढली की पट्टी कमी होते, लाल झाली की बैल थांबतात, जरा वेळानं पट्टी भरते. हजारो गेममध्ये असते तशी. विचार न करता उचलली, आणि तिनं माझ्या बैलांची बॅटरी करून टाकली. धावेवर बैल उताराला जोर लावतो, मोट वर येते, मग उलट पावली माघारी चढतो. ही उलटी चाल शिकवायला किती दिवस लागायचे, मोटकरी गाणं का म्हणायचा, बैल दमला हे त्याला कशावरून कळायचं, हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. मला म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी सांगितलेलं आहे. गेममध्ये त्यातलं काहीच उतरलं नाही. कान पडलेले दाखवता आले असते, पाऊल अडखळताना दाखवता आलं असतं. पट्टी लावणं एका दुपारचं काम होतं, म्हणून लावली.

चौदाव्या लेव्हलबद्दल थोडक्यात: तिथे लोक सोडून जातात, मला सुरुवातीपासून माहीत होतं, ते कोडं मला फार आवडायचं म्हणून मी ते सोपं केलं नाही. चूक माझी.

१२.२०

पहिली लेव्हल पुन्हा सुरू केली. हातात घड्याळ. शेजारी चाचण्यांची जुनी वही, निळ्या कव्हरची.

विहीर, पायऱ्या, काठावर घागर घेतलेली एक मुलगी. ती मुलगी म्हणजे आपण. काही केलं नाही तर वीस सेकंदांनी पहिल्या पायरीवर पिवळा बाण लुकलुकतो आणि अक्षरं येतात: 'खाली उतरा'. सगळं ठरल्याप्रमाणे. बाणाकडे बघत असताना लक्षात आलं की पडद्यावर दुसरं माणूसच नाही. बत्तीस लेव्हल, आणि विहिरीवर एकटी मुलगी. बैल आहेत, पक्षी आहेत, झाडं हलतात. माणसं आम्ही तिसऱ्या महिन्यातच काढून टाकली होती, कारण चालणारं, बोलणारं, वळणारं माणूस काढायला सगळ्यात जास्त चित्रं लागतात. 'जग रिकामं वाटतं' असं खेळणाऱ्यांनी कळवलं होतं. मी त्याला शांतता म्हणत होते.

वहीत लिहिलं: गावची विहीर आणि तिच्यावर कुणीच नाही.

मग जुनी वही चाळायला घेतली. सातव्या चाचणीचं पान माझ्याच अक्षरात असं आहे:

'वय ६७. कीबोर्डची सवय नाही, बाणाच्या कळा समजावल्या, जमल्या. विहिरीपर्यंत आल्या. पहिल्या पायरीशी थांबल्या. ४० सेकंद. काही दाबत नाहीत. म्हणाल्या, कुणी आहे का? (मदत हवी आहे.) मी सांगितलं, खाली जा. गेल्या. पुढे ठीक. उपाय: खाली जायचं कळत नाही. बाण मोठा. २० सेकंदांनी लुकलुकवणे.'

त्या म्हणजे काकू. आमची चित्रं जो काढतो त्याची आई.

पान मी तीनदा वाचलं. कुणी आहे का? आत्ताच मी वरच्या ओळीत लिहिलं होतं, कुणीच नाही.

आमच्या वाड्यात आड होता. स्वयंपाकघरातून चार पावलांवर. आजी दोर सोडायची, कळशी वर यायची. पाण्यासाठी आमच्या घरातल्या कुणाला गावात जावं लागलं नाही, आणि गेलो असतो तरी पायरीशी थांबावं लागलं नसतं. म्हणून ते चाळीस सेकंद मला कळले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसून घड्याळ लावून ते मोजले, आणि दुरुस्त केले.

२.३०

जेवण झालं नाही. त्याला फोन केला. तो दुसऱ्या एका कामाची पार्श्वभूमी रंगवत होता, मागे रेडिओ चालू.

"सातव्या चाचणीला तू होतास ना खोलीत?"

"होतो."

"काकू पायरीशी थांबल्या होत्या."

रेडिओ बंद झाला. "हो."

"तुला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो जरा वेळ गप्प होता. "तू वहीत लिहीत होतीस. मला वाटलं, लिहून घेतेयस."

३.४०

कामात लक्ष लागेना म्हणून पुस्तकं काढून बसले. गंमत नव्हे, खेद वाटतो की यातलं काहीही मला नवं नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं त्याच्या पुढच्या वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी तिथं पाण्याला हात लावता येत नव्हता, म्हणून २० मार्च १९२७ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्याची पायरी उतरले. पुढे खटला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ला. शाळेत हे मी पाठ केलं, मार्क मिळवले.

ते तर घाटापलीकडचं. पण साताऱ्याचं काय? ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव इथल्याच शाळेत घातलं गेलं, आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. तिच्यावरून मी आठवड्यातून चारदा जाते. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी शाळेच्या दिवसांतलं पाणी सांगितलं आहे. नळाला स्वतः हात लावायचा नाही, शिपायानं नळ सोडला तर प्यायचं, शिपाई नसेल तर तहान तशीच ठेवायची. म्हणजे पाणी समोर, आणि माणूस दुसऱ्या माणसाची वाट बघत उभा. माझ्या पहिल्या लेव्हलचा आराखडा याहून वेगळा कुठे होता? समोर पाणी होतं, माणूस उभा होता. वाट बघायला मात्र मी जागा ठेवली नाही.

लुकस पोपचा 'पेपर्स, प्लीज' २०१३चा. आपण सीमेवरच्या टपरीत बसलेले अधिकारी, समोर रांग, आत कुणाला सोडायचं ते आपण शिक्का मारून ठरवायचं. अडवणं हाच तिथला खेळ, आणि शिक्का उचलताना हात जड होतो. मी तो दोनदा पुरा खेळले, मित्रमैत्रिणींना खेळायला लावला, त्यावर एका वर्गात तासभर बोललेसुद्धा. परवानगी गेमच्या नियमांत कशी बसवायची हे मला येत होतं. तरी माझ्या विहिरीत मी पाण्याचं कोडं घातलं: झडप कुठली, दोर कुठला, आधी काय, मग काय. हुशार असेल त्याला पाणी मिळेल, असं माझा गेम बत्तीस वेळा सांगतो. आणि तो साध्या, गोड चित्रांत सांगतो, म्हणून लहान मुलांच्या हातात देतात. एका शाळेनं इतिहासाच्या तासाला दाखवला होता. तेव्हा मला आनंद झाला होता. आज ती आठवण टोचते.

६.१०

काकूंकडे गेले. त्यानंच दार उघडलं. काकू गवार मोडत बसल्या होत्या. मी खाली बसले, शेंगा हातात घेतल्या. काय नि कसं विचारायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"काकू, आमचा गेम खेळलात त्या दिवशी तुम्ही 'कुणी आहे का' म्हणालात. ते मला विचारलंत?"

"तुला कशाला? तू तर शेजारीच बसली होतीस."

मग त्यांनी सांगितलं. माहेर माण तालुक्यातलं, कायम दुष्काळी. गावची विहीर एक. साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट, त्या सात-आठ वर्षांच्या. आई घागर कडेच्या दगडावर ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. हाक मारायची, "कुणी हाय का? पानी घाला माय." पायरीवर पाय ठेवायचा नाही. कुणी बाई पाणी शेंदायला आली तर ती आधी आपलं भरायची, मग हिच्या घागरीत घालायची.

"किती वेळ थांबायला लागायचं?"

"ते कसं सांगू पोरी? कधी लगीच कोण यायचं. कधी बाजारचा दिस असला म्हंजे दुपार व्हायची. दगूड तापायचा, मग आई पदर टाकून घागर त्याच्यावर ठेवायची."

कायदा होता तेव्हा, मी म्हटलं. १९५५चा. त्या म्हणाल्या, "असंल."

मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलंत, माझं चुकतंय म्हणून? त्यांनी शेंगेची शीर काढली, माझ्याकडे बघितलं.

"मला काय म्हाईत चुकतंय? मला वाटलं, गेम हाय, नियम असंल. कोण तरी येईल, घालंल, मग पुढं जायचं. तू म्हणलीस खाली जा. गेले." थोड्या वेळानं म्हणाल्या, "पानी लई निर्मळ काढलंय पण तुम्ही."

तो भिंतीला टेकून उभा होता. मी त्याला म्हटलं, पहिली लेव्हल बदलायची. तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "दया दाखवायची असेल तर मी नाही करणार. बघणाऱ्याला वाईट वाटावं म्हणून आईला तिथं उभी करायची नाही." मग म्हणाला, "काय घडतं ते मी लिहिणार. तू कोड कर. आणि आईला दाखवल्याशिवाय बाहेर जाणार नाही." मी कबूल केलं. तीन वर्षांत प्रत्येक लेव्हलची गोष्ट मीच लिहिली होती आणि तो रंगवत होता. ही वाटणी कुणी ठरवली, हेही आज वहीत जाईल.

निघताना मी विचारलं, घालताना कसं घालायच्या? काकू उठल्या. पाण्याचा तांब्या घेतला, मला ओंजळ धरायला लावली, आणि तांब्या वर नेला. "घागर नसली, नुसतं प्यायचं असलं तर असं. लागता कामा नये." धार हातावर पडली, अर्धी ओंजळीतून खाली फरशीवर गेली. त्यांनी पोतेरं घेऊन फरशी पुसली, मी पुसते म्हटलं तर ऐकलं नाही.

९.३०

गोडो उघडलं. पहिली लेव्हल, उजवीकडच्या चौकटीत टायमर, त्यात आकडा २०. टायमर काढून टाकला. बाण काढला. 'खाली उतरा' ही अक्षरं काढली, त्यासाठी केलेलं ते जुनं चित्रही फाइलींत अजून पडून होतं, तेही. खेळ चालवून पाहिला. मुलगी काठावर उभी राहिली. घागर खाली ठेवायला बटणच नाही, कारण आम्ही घागर तिच्या कमरेला कायमची चिकटवली होती. पाच मिनिटं मी तशीच बघत बसले. पक्षी तीनदा तेच उडाले.

हे बदलून विकलेल्या प्रती बदलतील, ज्यांच्याकडे आहे त्यांना नवी आवृत्ती मिळेल. ज्यांनी एकदा खेळून बाजूला ठेवला त्यांना पोचणार नाही. त्या शाळेला मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

ऊन, बैल, चौदावी लेव्हल यांची यादी वेगळ्या पानावर केली. ती कामं ओळखीची आहेत, होतील.

१०.५०

त्याला पाठवायची चित्रांची यादी:

घागर ठेवताना, वाकून. मागे सरताना, चार पावलं, पाठ न फिरवता. उभं राहणं, यात हालचाल जवळजवळ नको, फक्त सावली सरकावी. ऊन तळापर्यंत नाही. दुसरी बाई, लांबून येणारी, घाईत नाही. ती आधी आपलं भरते. ओतताना.

किती वेळानं ती बाई येईल, तो आकडा टाकायची चौकट मी रिकामी ठेवली. तो काकूंना विचारून ठरवील.

आणि धार किती उंचावरून, ते खाली लिहिलं: मोजलेलं नाही. काकूंनी तांब्या धरला होता तेव्हा त्यांचा हात माझ्या खांद्याच्या वर होता आणि माझी ओंजळ पोटाशी.